एकशे चार वर्षांचे आजोबा

तुमच्या घरी आजोबा आहेत ना? असले तर तुम्ही भाग्यवान. नसले तर त्यांची एखादी सवय तरी आठवत असेल : पहाटे उठून गोठ्यात फेरी मारणे, बाजाराहून येताना उपरण्याच्या गाठीत खाऊ बांधून आणणे, नाहीतर हिशेबाच्या चोपडीत पै न् पै लिहून ठेवणे. माणूस गेल्यावर घरात अशा लहानसहान गोष्टीच मागे राहतात.

आज अशाच एका आजोबांविषयी बोलायचे आहे. पुण्यातल्या आपल्या घरात ते नातवंडांचे आजोबा होते. हिंगण्याच्या आश्रमात सगळे त्यांना अण्णा म्हणत. देशाने त्यांना महर्षी म्हटले. त्यांचे नाव धोंडो केशव कर्वे. जन्म १८ एप्रिल १८५८ चा आणि मृत्यू ९ नोव्हेंबर १९६२ चा. बोटे मोजून पाहा, एकशे चार वर्षे पुरी भरतात. व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा निघाला त्या वर्षी ते जन्मले, आणि स्वतंत्र भारताची तिसरी सार्वत्रिक निवडणूक होऊन गेल्यावर त्यांनी डोळे मिटले.

पण नुसते पुष्कळ जगले म्हणून आठवण काढायची, तर ती गावच्या वडाचीही काढावी लागेल. अण्णांची आठवण निराळ्या कारणाने काढायची. ज्या वयात माणूस ‘आता पुरे’ म्हणून हात झटकतो, त्या वयात हा गृहस्थ पुन्हा पहिल्यापासून नवे काम हाती घेई. असे त्यांच्या आयुष्यात पाच वेळा घडले. अण्णा गणिताचे प्राध्यापक होते. तेव्हा आपणही त्यांच्या आयुष्याचा हिशेब गणितासारखाच मांडून पाहू.

आधी थोडे बालपण. जन्म आजोळी, शेरवलीला. पण गाव म्हणजे मुरूड, रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळ, अगदी समुद्रकाठी. घरची गरिबी होती. त्या काळी सहाव्या इयत्तेची एक सरकारी परीक्षा असे. ती पास झाली म्हणजे शाळेत मास्तरकी मिळण्याची आशा. ही परीक्षा देण्यासाठी १८७५ साली मुरूडची काही मुले साताऱ्याला निघाली, त्यांत धोंडूही होता. मुरूड ते सातारा म्हणजे सुमारे ११० मैल, आणि मध्ये सह्याद्री उभा. ना आगगाडी, ना मोटार. मुले डोंगर-रान तुडवीत पायी गेली. साताऱ्याला पोचल्यावर काय झालं असेल? परीक्षेला वयाची सतरा वर्षे पुरी लागत. धोंडूची ती झाली होती. पण अंगाने किरकोळ, दिसायला लहान. परीक्षा घेणाऱ्यांना त्याचे वय खरे वाटले नाही, आणि त्यांनी त्याला परीक्षेला बसू दिले नाही. आला तसा तो परत फिरला.

शिक्षक मित्रहो, वर्गात एखादा मुलगा नापास झाला म्हणून हिरमुसून बसला, तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा. धोंडू नापाससुद्धा झाला नव्हता. त्याला बसूच दिले नव्हते. त्याने पुन्हा परीक्षा दिली, पुढे शिकत राहिला. मॅट्रिक झाला तेव्हा वय २३, आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. झाला तेव्हा २६. आजच्या हिशेबाने हा मागे राहिलेला विद्यार्थी. पण मागे राहणे आणि थांबणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

मुंबईत शाळांतून शिकवून, खाजगी शिकवण्या करून ते पोट भरीत. दोन पैसे हातात येऊ लागले तसे त्यांनी काय केले? आपल्या गावासाठी मुरूड फंड सुरू केला. मुरूडच्या माणसांनी आपल्या मिळकतीतला लहानसा वाटा बाजूला काढायचा आणि तो गावाच्या कामी लावायचा, अशी ती साधी योजना. पुढे आयुष्यभर त्यांनी जी रीत चालवली, तिचे बी इथे आहे : थोडे थोडे घ्यायचे, पुष्कळांकडून घ्यायचे, आणि घेण्याआधी स्वतः द्यायचे.

१८९१ साल त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारे ठरले. त्या वर्षी पत्नी राधाबाई वारल्या. मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. वय तेहेतीस. दुसरे लग्न करा, असे आप्तेष्ट म्हणू लागले. त्या काळी विधुराचे लग्न ही काही अडचणीची गोष्ट नव्हती. दहा-बारा वर्षांची नवरी सहज मिळे. आणि विधवेचे काय? ती आठ वर्षांची असो की ऐंशींची, तिला जन्मभर माजघराच्या अंधारात बसायचे. केस काढायचे, शुभकार्यात पुढे यायचे नाही, सकाळी कोणाला तोंड दाखवायचे नाही. विधवाविवाहाला परवानगी देणारा कायदा १८५६ सालीच झाला होता. पण कायदा कागदावर असतो. गावच्या पंगतीत त्याचे पान मांडले जात नाही.

अण्णांचे स्नेही नरहरपंत जोशी देवरुखचे. त्यांची बहीण गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न, आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी ती हीच. विधुराने लग्न करायचेच तर विधवेशी करावे, असे अण्णांचे मत होते, आणि मत बोलून दाखवून ते घरी बसले नाहीत. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात त्यांनी गोदूबाईंशी लग्न केले. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. घरात आणि आश्रमात त्यांना बाया म्हणत. ही अण्णांची पहिली सुरुवात, पस्तिशीच्या उंबरठ्यावर.

आता मुरूडकडे पाहा. ज्या गावासाठी फंड काढला, त्याच गावाने सभा भरवून या जोडप्याला वाळीत टाकले. अण्णा जिथे बसतील तिथे गावकऱ्यांनी बसायचे नाही. घरच्यांनी त्यांना थारा दिला तर घरच्यांवरही बहिष्कार. आईला आपला मुलगा घरात घेण्याची चोरी झाली. खेड्यात राहणाऱ्या माणसाला बहिष्कार म्हणजे काय हे सांगायला नको. पाणवठा तुटतो, पंगत तुटते, हाक मारायला माणूस उरत नाही. पण अण्णांनी गावाशी भांडण मांडले नाही आणि गावावरची माया कमीही केली नाही. रागावणे सोपे होते. ते नुसते आपल्या कामाला लागले.

त्या कामात एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. दहा-वीस विधवांची लग्ने लावून प्रश्न सुटत नाही. बाईला स्वतःच्या पायावर उभे राहता आले पाहिजे, आणि त्याला शिक्षण हवे. म्हणून १८९६ साली, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. ही दुसरी सुरुवात. पुढे पुण्यात प्लेगची धामधूम उडाली, आणि १९०० साली आश्रम शहराबाहेर हिंगण्याला गेला. जागा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेली. तिथे होते काय? माळरान, आणि त्यावर बांधलेली एक झोपडी. दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचे आणि संध्याकाळी चिखलाची वाट तुडवीत हिंगणे गाठायचे. मुलींना लागणारे सामानसुमान पुष्कळदा स्वतःच नेत. मुलींचा अभ्यास घ्यायचा, रात्री तिथेच राहायचे, आणि सकाळी पुन्हा पायी पुण्यात यायचे. मुरूडहून साताऱ्यापर्यंत चाललेले पाय इथे कामी आले.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. अण्णा या वाटेवरचे पहिले वाटसरू नव्हते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ सालीच पुण्यात मुलींची शाळा काढली होती, आणि दगड-शेणाचा मारा सोसला होता. पंडिता रमाबाईंचे काम तर अण्णांच्या डोळ्यांसमोर होते. शिवाय सुरुवातीला आश्रमाचे दार अरुंद होते. तिथे आल्या त्या बहुतेक ब्राह्मण घरांतल्या मुली. थोर माणसाची आठवण काढताना त्याची मर्यादा झाकून ठेवायचे कारण नाही. आपल्या आजोबांच्याही काही गोष्टी आपल्याला पटत नाहीत. म्हणून का त्यांच्यावरची माया कमी होते?

आता तिसरी सुरुवात. ही गोष्ट मोठी गमतीची आहे. अण्णांच्या हाती कधीतरी जपानातल्या एका महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका आली होती. त्यांनी ती चाळून बाजूला ठेवून दिली. पुढे १९१५ च्या अखेरीस मुंबईत सामाजिक परिषद भरायची होती आणि अध्यक्ष म्हणून भाषण करायचे होते अण्णांना. भाषणाची तयारी करताना ती पुस्तिका पुन्हा आठवली. बस्स, ठिणगी पडली. आपल्याकडे स्त्रियांचे विद्यापीठ का नसावे? शिक्षण मातृभाषेतून द्यावे आणि इंग्रजी हा एक विषय असावा, अशी त्यांची योजना. १९१६ साली विद्यापीठ सुरू झाले, आणि सुरुवातीला कॉलेजात विद्यार्थिनी किती, तर पाच! अण्णा तेव्हा ५८ वर्षांचे; दोनच वर्षांपूर्वी कॉलेजातून निवृत्त झालेले. पाच मुलींचे विद्यापीठ म्हटल्यावर लोक हसले असतील तर नवल नाही. पण १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली, आणि त्यांच्या आईच्या नावाने ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ झाले. आपण त्याला एस. एन. डी. टी. म्हणतो.

पंधरा लाखांची गोष्ट सर्वांच्या लक्षात राहते. पण अण्णांची खरी भिस्त लहान नाण्यांवर होती. हिंगण्याच्या संस्थेसाठी दिवाळीत लोक भाऊबीज म्हणून थोडे थोडे पैसे घालीत. आश्रमातली एखादी अनोळखी मुलगी आपली बहीण मानायची आणि तिच्या ताटात ओवाळणी टाकायची, अशी ती कल्पना. बायांच्या धाकट्या बहिणीने, पार्वतीबाई आठवले यांनी, आश्रमासाठी गावोगाव हिंडून वर्गणी गोळा केली. त्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. अण्णा स्वतः १९२९ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी, जगप्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान असा फेरा करून विद्यापीठाची माहिती त्यांनी सगळीकडे सांगितली. बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांची भेट घेतली. परत आले, थोडे टेकले, आणि मग आफ्रिकेत गेले. तिथे वसलेल्या आपल्या लोकांपुढेही विद्यापीठाची झोळी पसरली.

आता चौथी सुरुवात ऐका. खेड्यातल्या मंडळींनी तर ती कान देऊन ऐकावी, कारण ती तुमचीच आहे.

१९३६ साल. अण्णा ७८ वर्षांचे. आश्रम उभा राहिला, विद्यापीठ चालू लागले. आता आरामखुर्चीत बसून नातवंडांना गोष्टी सांगायच्या, एवढेच काय ते राहिले होते. पण त्यांना एक गोष्ट स्वस्थ बसू देईना. प्राथमिक शाळा त्या वेळी जिल्हा लोकल बोर्डाकडे असत. मोठ्या गावात शाळा निघे. लहान खेडी आणि वाड्या तशाच राहत. तिथल्या मुलाने गुरे राखायची आणि मुलीने धाकटे भावंड सांभाळायचे, आणि दोघांनीही जन्मभर अंगठा उठवायचा. ज्या खेड्यांत बोर्डाची शाळा नाही तिथे शाळा काढण्यासाठी अण्णांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. आणि पैसा? अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा म्हातारा पुण्यात दारोदार हिंडू लागला. वर्गणी लहान, अगदी लहान.

आपण त्यांच्याच विषयातले एक उदाहरण घालू. मुलांना फळ्यावर करायला द्या. त्या वेळी एका रुपयाचे १६ आणे आणि एका आण्याचे ४ पैसे असत. म्हणजे चौसष्ट माणसांनी एकेक पैसा दिला की एक रुपया होतो. शंभर घरांनी महिन्याला एकेक आणा दिला तर किती होतील? सहा रुपये चार आणे. एका पैशाने शाळा निघत नाही हे कोणालाही कळते. पण चौसष्ट दारांपर्यंत जो चालत जातो, त्याच्या हातात रुपया येतो, हे गणित अण्णांना पक्के कळले होते. यात अवघड भाग बेरजेचा नव्हे, चालण्याचा आहे.

शाळा शिकून आलेला मुलगा पुढे पुस्तक हाती धरत नाही आणि शिकलेले विसरतो, हेही त्यांच्या ध्यानात होते. म्हणून मोठ्या माणसांची वाचण्याची सवय टिकावी अशीही खटपट त्यांनी केली. तुमच्या गावात वाचनालय असेल आणि त्याला कुलूप असेल, तर ते उघडताना या आजोबांची आठवण ठेवा.

पाचवी सुरुवात १९४४ सालची, म्हणजे वयाच्या ८६ व्या वर्षाची. त्यांनी समता संघ काढला. जातीजातींतला उच्चनीचपणा जावा, माणसामाणसांत बरोबरी यावी, हा त्याचा हेतू. सुरुवातीला ज्याच्या आश्रमाचे दार अरुंद होते, तो माणूस शहाऐंशीव्या वर्षी सगळी दारे मोकळी करा म्हणत होता. म्हातारपणी माणूस हट्टी होतो असे आपण म्हणतो. हे आजोबा म्हातारपणी अधिक मोकळे झाले.

इथवर हिशेबाची जमेची बाजू झाली. गणितात खर्चाची बाजूही मांडावी लागते. हा खर्च कोणी सोसला? बायांनी. नवरा मिळवतो ते संस्थेला जाते, दिवसभर तो बाहेर, आणि घरात मुले वाढवायची. ओढाताणीचा संसार त्यांनी ओढला, आणि वाळीत पडलेल्या बाईला शेजारपाजारचे जे ऐकावे लागते तेही ऐकले. ‘माझे पुराण’ या आपल्या आत्मकथेत त्यांनी हे सारे काही आडपडदा न ठेवता सांगितले आहे. अण्णांचे ‘आत्मवृत्त’ वाचाल तेव्हा शेजारी हे पुस्तकही ठेवा. तेव्हा कुठे गोष्ट पुरी होते. बाया १९५० साली गेल्या. थोरला मुलगा रघुनाथ आपल्या वाटेने गेला. संततिनियमनाचा उघड प्रचार करणारे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्याने १९२७ सालापासून चालवले आणि त्यापायी लोकांची निंदा व कोर्टाच्या फेऱ्या सोसल्या. तो १९५३ साली वारला. बायको गेली, मुलगा गेला, आणि अण्णा मागे राहिले. एकशे चार वर्षे म्हणजे काय, याचा हाही एक अर्थ आहे. दीर्घायुष्याचा आशीर्वाद आपण सहज देतो; त्यात आपली माणसे एकेक करून जाताना पाहणेही आले.

मानसन्मान आले ते फार उशिरा. १९५५ साली पद्मविभूषण, आणि १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न. त्या वर्षी त्यांच्या नावाचे टपाल तिकीटही निघाले. ज्या माणसाला सभेत बोलायला उभे राहायचा संकोच वाटे, त्याचे चित्र पत्रांवर चिकटून गावोगाव जाऊ लागले. तिकीट लावलेले एखादे पत्र मुरूडलाही गेले असेलच ना!

आणि नातवंडे? जई निंबकर आणि गौरी देशपांडे या दोघी नाती लेखिका झाल्या. नातू आनंद कर्वे वनस्पतिशास्त्रज्ञ. खेड्यांत उपयोगी पडेल असे तंत्रज्ञान तयार करण्यासाठी त्यांनी पुण्यात संस्था काढली. ज्या घरातल्या आजीला लहानपणी अक्षर शिकण्याचीही बंदी होती, त्या घरातल्या नातींनी पुस्तके लिहिली. दोन पिढ्यांत एवढे अंतर कापले गेले. ते एका उडीत नव्हे, पावलापावलाने.

आता शेवटचे, आणि ते तुमच्याकडे मागायचे आहे. अण्णांनी आपले आयुष्य लिहून ठेवले, म्हणून आपल्याला ते कळले. तुमच्या आजोबांनी लिहून ठेवले आहे का? बहुतेकांनी नाही. गावात पहिली शाळा कधी आली, पहिल्या दिवशी किती मुले होती, आजीच्या आजीला नाव लिहिता येत होते की नाही, दुष्काळात घर कसे तगले, हे सगळे एका म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात असते आणि त्याच्याबरोबर जाते. गुरुजी, बाई, तुम्ही मुलांना एक काम द्या. प्रत्येकाने घरच्या किंवा शेजारच्या एका वडीलधाऱ्या माणसाजवळ बसावे, पाच प्रश्न विचारावेत, आणि उत्तरे जशीच्या तशी वहीत उतरवावीत. शुद्धलेखन नंतर तपासा.

प्रश्न कोणतेही चालतील. पण एक मात्र जरूर विचारायला सांगा : “आजोबा, तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून कधी सुरुवात करावी लागली?” उत्तर ऐकताना मुलांनी मध्ये बोलू नये. आजोबा जरा वेळ गप्प बसतील. मग सांगतील.